हातीपायी सुटली

मी दवाखान्याच्या ओसरीवर बसलेली दिसले की लोक रडायला लागायचे. ही थट्टा नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सतरा वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, आणि त्यातली बहुतेक वर्षं त्या ओसरीवर मी चहासुद्धा उभ्यानं प्याले. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. ज्या घराची ही गोष्ट आहे ती माणसं अजून त्याच भागात राहतात आणि त्यांच्या दारात मला अजून मान आहे. तो मान मला बदलीच्या हुकुमाबरोबर मिळाला नव्हता. मी तो कमावला, आणि त्याचा मला अभिमान आहे हे सांगायला मी लाजत नाही.

मी सोलापूरला शिकले. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती तेव्हा मला ही नोकरी लागली. दवाखाना म्हणजे दगडी भिंतींच्या चार खोल्या, दहा खाटा आणि पुढं लांबलचक ओसरी. राज्य बदललं तरी रजिस्टर अजून उर्दूतच चाललं होतं. ते लिहायचे आमचे कंपोंडर. पन्नाशी ओलांडलेले, गावातलेच, मुसलमान. अख्खं गाव त्यांना चाचा म्हणायचं, म्हणून मीही म्हणायला लागले. डॉक्टर हैदराबादचे. हात मोठा कुशल, पण मराठी बेताचं आणि काळीज त्याहून बेताचं. आत कुणी दगावलं की ते हात धुवायला जायचे, आणि बाहेरची रडारड थांबेपर्यंत धूतच राहायचे. तेव्हा बाहेर जाऊन सांगायचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं.

मी एकवीस वर्षांची होते. साडी कडक इस्त्रीची आणि राग नाकाच्या शेंड्यावर. ओसरीवर कायम ही गर्दी असायची. आत रोगी एक आणि बाहेर वऱ्हाड, भाकरी-चटणीच्या गाठोड्यांसकट. मी त्यांच्यावर खेकसायची, "चला, बाजूला व्हा," म्हणून. वाईट बातमी सांगायला जायची तेव्हाही दारातूनच, एक पाय आत ठेवून सांगायची. काय सांगायचं ते सांगितलं की लगेच आत वळता यावं म्हणून. हे तेव्हा मला कळत नव्हतं. मला वाटायचं, कामाची माणसं अशीच असतात.

आल्यावर तिसऱ्याच महिन्यात ती बाळंतीण आली. भूमकडच्या एका खेड्यातली शेतकऱ्याची लेक, दिली होती तेरखेड्याला. नवरा तिथं शोभेच्या दारूचं काम करायचा. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आईकडं आली होती. दोन दिवस कळा देऊनही मूल येईना, तेव्हा गावच्या सुईणीनं हात टेकले आणि आईनं बैलगाडीत गवत पसरून तिला आमच्याकडं आणलं. सकाळी आणलं. दुपारी मूल झालं. मुलगी. चांगली खणखणीत रडली. वार पडली, पण रक्त काही थांबेना. डॉक्टरांनी जे करता येत होतं ते सगळं केलं. तिनं एकदा पाणी मागितलं, मी चमच्यानं दिलं, आणि त्यानंतर थोड्याच वेळात ती गेली.

डॉक्टर हात धुवायला गेले. मी बाहेर आले.

आई ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. चाळिशीची असेल, उंच, हाडापेरानं मजबूत. मी दारात उभी राहिले, एक पाय आत. "मेली" हा शब्द माझ्या तोंडातून निघेना. आमच्या घरी माझी आत्या दोन वर्षं अंथरुणाला खिळून गेली तेव्हा सगळे म्हणाले होते, "सुटली बिचारी." मला तो शब्द मऊ वाटायचा. मी तोच उचलला.

"सुटली तुमची लेक," मी म्हणाले.

त्या मुलखात, आणि खरं तर माझ्याही मुलखात, बाई नीट बाळंत झाली की म्हणतात, हातीपायी सुटली. ते मला माहीत नव्हतं असं नाही. सोलापूरच्या दवाखान्यात आम्ही 'डिलिव्हरी झाली' म्हणायचो आणि तीन वर्षांत घरचा शब्द मागं पडला होता. शिवाय आईनं नुकतंच मूल रडलेलं ऐकलं होतं. तिनं दुसरं काय समजावं?

तिचा चेहरा असा उजळला की तो मी आजही विसरू शकत नाही. तिनं पदराची गाठ सोडली. त्यात घरून आणलेला गुळाचा खडा होता, याच घटकेसाठी आणलेला. तो तिनं माझ्या तोंडात घातला, माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, आणि मला काही सुचायच्या आत मला बाजूला सारून आत गेली.

मी तिथंच उभी. तोंडात गूळ. थुंकता येईना आणि गिळताही येईना.

आतून आवाज आला नाही. ती परत बाहेर आली, माझ्यासमोर थांबली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुमी सुटली म्हनला."

मग तिनं नातीला पदरात घेतलं, लेकीला त्याच गाडीत घातलं आणि गेली. तो गूळ मी केव्हा गिळला ते मला ठाऊक नाही.

मी औषधाच्या खोलीत जाऊन रडत बसले. चाचा रजिस्टर भरत होते. उर्दूत 'फौत' असा शब्द लिहिला, शाई वाळायला वर वाळू टाकली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "बेटी, ये लफ्ज देख. फौत. इसका दुसरा मतलब नहीं. मौत की खबर देना तो ऐसे लफ्ज में देना, जिसका दुसरा मतलब नहीं." थोडं थांबून म्हणाले, "और खड़े-खड़े नक्को देना. बैठको देना."

मी विचारलं, बसून का? तर म्हणाले, उभा माणूस निघून जाणार असतो, बसलेला थांबणार असतो. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला निदान तेवढं तरी कळू दे. मला शाळेत शिकवलेल्या सगळ्या पुस्तकांत हे एक वाक्य नव्हतं.

चौथ्या दिवशी जावई आला. विशीतलं पोरगंच, बोटं गंधकानं पिवळी झालेली. दवाखान्याशी त्याचं काही काम उरलं नव्हतं, तरी तो ओसरीच्या टोकाला येऊन उभा राहिला. मी त्याला हाक मारली, "बसा," म्हटलं, आणि मीही समोर फरशीवर मांडी घातली. इस्त्रीची साडी, पण घातली. जे झालं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. माझ्या शब्दाची चूकही सांगितली. त्यानं एकच विचारलं, "काय बोलली का?"

"पाणी मागितलं," मी म्हणाले. "मी दिलं. दोन चमचे प्याली."

तो मान हलवत राहिला. "पानी मिळालं म्हना," म्हणाला, आणि डोळे पुसून गेला. तेवढ्यानं त्याला काय मिळालं मला सांगता येणार नाही, पण काहीतरी मिळालं हे मी पाहिलं.

त्या दिवसापासून माझी रीत ठरली. बाहेर जायचं, ज्याचं माणूस गेलं त्याला शोधायचं, "बसा" म्हणायचं, आपणही खाली बसायचं आणि सरळ सांगायचं: जीव गेला. "आपल्यात नाहीत", "देवाला प्रिय झाले", असलं काही नाही. "धीर धरा" तर मी आयुष्यात कुणाला म्हटलं नाही. ज्याचं घर बसलं त्याला धीर धरायला सांगणारे आपण कोण? सांगून झालं की गप्प बसायचं, आणि तो माणूस उठेपर्यंत आपण उठायचं नाही. डॉक्टर आतून हाका मारायचे. मारू द्यायच्या.

लोक विचारतात ते बहुतेक तेच, काय बोलला. म्हणून शेवटाला आलेल्या रोग्याशेजारी मी कान देऊन उभी राहायला लागले. एक म्हातारा शेवटी "तंबाखू आण की रं" एवढंच म्हणून गेला. त्याच्या तीन मुलांना मी तसंच्या तसं सांगितलं. थोरला आधी हसला आणि मग हसता हसता रडायला लागला. तसाच होता म्हणे. मी म्हाताऱ्याच्या तोंडी रामनाम घातलं असतं तर त्या तिघांनी माझ्यावर विश्वास ठेवला नसता.

आणखीही गोष्टी शिकले. मुसलमानाचं मयत असलं तर डोळे मिटायचे, हनुवटी बांधायची, पाय सरळ करून अंगठे एकत्र बांधायचे, हे चाचांनी शिकवलं. लिंगायताला बसवून माती देतात, म्हणून अंग आखडायच्या आत मांडी घालून पाठीला उशा लावून ठेवायच्या, हे पेठेतल्या एका व्यापाऱ्याच्या म्हाताऱ्या आईनं, अर्धं कानडीत अर्धं मराठीत, मला दरडावून शिकवलं. पुढं तिचा स्वतःचा मुलगा आमच्या दवाखान्यात दगावला. ती यायच्या आत मी त्याची मांडी घालून ठेवली होती. तिनं आत येऊन पाहिलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला. जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या मोठ्या नर्सबाईंना हे येत नव्हतं. मला येत होतं.

पण रीतीचं एक झेंगट झालं. गावाला ती पाठ झाली. नर्सबाई बसली म्हणजे गेलं कुणीतरी, हे पसरलं. एकदा बाजाराच्या दिवशी सकाळपासून पाय मोडून गेले होते, म्हणून मी जरा ओसरीच्या पायरीवर टेकले. समोर एक कुटुंब होतं, त्यांचा बाप उचक्या लागल्या म्हणून आत होता. माझं बूड टेकलं न टेकलं तोच त्यातल्या म्हातारीनं कपाळावर हात मारून घेतला आणि सगळ्यांनी सूर धरला. आतून बाप उचक्या देत बाहेर आला, कोण मेलं ते बघायला. उचक्या तिथंच थांबल्या. डॉक्टरांना दोन दिवस हसू आवरत नव्हतं. मी मात्र हसले नाही. त्या दिवसापासून ठरवलं, सांगायचं असल्याशिवाय या ओसरीवर बसायचं नाही. चाचा चहाचा पेला आणून द्यायचे आणि आम्ही दोघं खांबाला टेकून उभ्यानं प्यायचो.

ती आई मात्र माझ्याशी बोलली नाही.

ती दवाखान्यात यायची. शेळीच्या दुधावर नात वाढवली होती, तिला देवी टोचायला आणली, पुढं खोकल्याला आणली, कान फुटला म्हणून आणली. येऊन सरळ चाचांकडं जायची. मी औषध दिलं तर घ्यायची, पण ते कसं द्यायचं हे पुन्हा चाचांना विचारायची. माझ्या समोर, मला ऐकू येईल असं. माझ्या शब्दावर अख्खा तालुका विश्वास ठेवत होता, आणि जिनं ठेवावा असं मला मनापासून वाटत होतं ती ठेवत नव्हती. मी तिला दोष देऊ शकत नव्हते. तरी प्रत्येक वेळी ती गेल्यावर मी पुढच्या दोन रोग्यांवर उगाच ओरडायची.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. या सगळ्या वर्षांत तो शब्द मी उच्चारला नाही. कितीतरी बाया माझ्या हातावर बाळंत झाल्या. मी "बाळंत झाली" म्हणायची, "मोकळी झाली" सुद्धा नाही. दुसरा अर्थ निघेल असं काहीच नाही.

मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी त्या आईची धाकटी लेक बाळंतपणाला आली. तोवर चाचा निवृत्त होऊन मुलाकडं राहायला गेले होते आणि हात धुणारे डॉक्टरही बदलून गेले होते. नवे डॉक्टर तरुण, पुण्याकडचे, उत्साही. मूल पायाळू होतं आणि पोरीच्या अंगावर सूज. सकाळी नऊच्या सुमाराला तिला आत घेतलं. आई दारात आली. चाचांना शोधत तिनं इकडं तिकडं बघितलं, ते नव्हते. मग आठ वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली.

"तुमी मला काय सांगू नगा," ती म्हणाली. "जे असंल ते म्या डोळ्यानं बघीन."

मला राग आला. खोटं कशाला सांगू? राग आला आणि रडूही आलं. मी म्हणाले, "सांगणार मीच. या दवाखान्यात ते काम माझं आहे. उभी राहिले तर लेक आहे, बसले तर नाही. हे तुम्हालाही ठाऊक असेल."

"ठावं हाय," ती म्हणाली आणि त्याच खांबाला धरून उभी राहिली.

त्या पाच तासांचं वर्णन करत नाही. एकदा असं वाटलं की मला बाहेर जाऊन बसावं लागणार. नव्या डॉक्टरांचे हात थांबले होते, मी त्यांना म्हणाले, "थांबू नका." पोरीचा हात माझ्या हातात होता आणि तिची नखं माझ्या मनगटात रुतली होती. दुपारी दोनच्या पुढं मूल आलं. मुलगी. आधी रडेना, उलटी धरून पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा रडली. वार पडली. मी बाळंतिणीच्या पोटावर तळवा दाबून बसले आणि घड्याळाकडं बघत राहिले. बाहेर मूल रडलेलं ऐकू गेलं असणार. मला माहीत होतं की त्या रडण्यावर बाहेर उभी असलेली बाई विश्वास ठेवणार नाही. रक्त थांबलं. तरी मी आणखी एक तास हलले नाही. खात्री झाल्यावरच उठले.

डॉक्टर हसत दाराकडं निघाले, आनंदाची बातमी आपण द्यावी म्हणून. मी त्यांना आडवी गेले. "ही खबर माझी आहे," म्हणाले. त्यांना काही समजलं नाही, पण थांबले बिचारे.

मी बाहेर आले. दोन्ही पाय बाहेर. गुडघे लटलटत होते आणि मी चौकट धरून ठेवली होती, कारण आता खाली बसले असते तर त्या बाईचा जीव तिथंच गेला असता. तिची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हतीच. ती माझ्या गुडघ्यांकडं बघत होती.

"तुमची लेक जिवंत आहे," मी म्हणाले. "मुलगी झाली. तीही जिवंत आहे."

ती मला बाजूला सारून आत गेली, त्या दिवशी गेली होती तशीच. मी उभी राहिले. आतून पोरीचा बारीक आवाज आला, "आये."

ती परत आली. पदराची गाठ सोडली. गुळाचा खडा होता. मला वाटलं नव्हतं की ती पुन्हा कधी गूळ बांधून आणील. पण तो तिनं मला दिला नाही, मुठीत धरून ठेवला.

"काय झालं म्हनला?"

"लेक जिवंत आहे, मुलगीही."

"तसं न्हाय," ती म्हणाली. "लेकी-बाळीचं आसं सांगत्यात व्हय? नीट म्हना."

मला कळलं तिला काय हवं होतं. आठ वर्षं जो शब्द गिळून ठेवला होता तो वर येईना. ती थांबली. घाई केली नाही.

"हातीपायी सुटली," मी म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली. "सुटली." आणि गूळ माझ्या तोंडात घातला.

मग माझे पाय गेले. चौकट धरून घसरत मी तिथंच ओसरीवर बसले. पलीकडच्या टोकाला तापाच्या रोग्याचं एक कुटुंब होतं. मला बसलेलं त्यांनी पाहिलं, आणि त्यातल्या सुनेनं तोंडाला पदर लावून सूर धरला. माझ्या तोंडात गूळ, मला बोलता येईना. ती आई त्यांच्याकडं वळली, आणि सगळ्या ओसरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गप ऱ्हावा गं. कुनी मेलं न्हाय. माझी लेक सुटली हाय. नर्सबाई लई दमल्यात, म्हनून बसल्यात."

मग ती माझ्या शेजारी खाली बसली. मी तो गूळ सावकाश खाल्ला.